प्रतिवादी अशोककुमार

दिवाणी दावा गुदरायचा म्हटला की प्रतिवादीचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण वादपत्रात लिहून द्यावे लागते, हे कोर्टाची पायरी आयुष्यात एकदाच चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. परंतु हे तपशील ज्या नियमाने मागितले आहेत त्याच नियमात, म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशातील पहिल्या नियमात, ते जितके कळू शकतील तितके द्यावेत अशी एक लहानशी सवलतही आहे, आणि तिच्याकडे वकिलांचेही सहसा लक्ष जात नाही. ज्याचे नाव कळत नाही, गाव कळत नाही, आणि जो एक आहे की एक हजार आहेत हेही कळत नाही, अशा इसमावर दावा आणायचा झाल्यास वादीने ह्या सवलतीचा आधार घ्यावा आणि नावाच्या रकान्यात काहीतरी लिहून मोकळे व्हावे, असा प्रघात आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पडला. त्या रकान्यात जे नाव लिहिले जाते ते अशोककुमार. चित्रपट आणि गाणी यांच्या चोरट्या प्रती ज्या संकेतस्थळांवरून हातोहात फिरतात, त्यांची दारे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी बंद करावीत असे जे शेकडो हुकूम ह्या काळात निघाले, त्यांचा इतिहास लिहावयाचा तर ह्या कधीही हजर न झालेल्या, कधीही कैफियत न दिलेल्या प्रतिवादीपासूनच आरंभ केला पाहिजे.

कल्पित नावाने व्यवहार चालवणे आपल्या परंपरेला मुळीच नवे नाही. व्याकरणकारांचा आणि नैयायिकांचा देवदत्त शतकानुशतके गावाला जात आहे, भात शिजवीत आहे, आणि त्याला कोणीही पाहिलेले नाही. तो कंटाळला की त्याच्या मदतीला यज्ञदत्त येतो. व्यवहारातील मराठीत त्यांचेच काम अमका, फलाणा आणि सोम्यागोम्या करतात. इंग्रजी कायद्यात हे स्थान जॉन डो नामक गृहस्थाकडे होते, आणि त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. जमिनीच्या मालकीचा निवाडा थेट मागणे जुन्या इंग्रजी कोर्टात फार दगदगीचे असल्यामुळे, आपण आपली जमीन डो याला पट्ट्याने दिली व रिचर्ड रो याने त्याला तेथून हुसकावले अशी एक कथा रचून दावा लावीत. वादी खोटा, प्रतिवादी खोटा, पट्टा खोटा, आणि त्यातून निघणारा मालकीचा निर्णय मात्र अगदी खरा. कंपनी सरकारच्या काळात हा डो समुद्र ओलांडून कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातील दाव्यांच्या शीर्षकांतही येऊन बसला होता. इंग्लंडमध्ये १८५२ च्या कायद्याने त्याला ह्या कामातून निवृत्त केले. पुढे अज्ञात प्रतिवादीसाठी तेच नाव वापरात राहिले; म्हणजे जन्मभर वादी असलेला माणूस उतारवयात प्रतिवादीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

भारतात त्याचा अशोककुमार झाला. ज्या धंद्याच्या रक्षणासाठी हे नाव सर्वाधिक वेळा वापरले गेले, त्याच धंद्यातील एका थोर नटाचे ते नाव असावे, आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४३ साली काढलेल्या ‘किस्मत’ ह्या चित्रपटात त्या नटाने नेमकी शेखर नावाच्या एका खिसेकापूचीच भूमिका केलेली असावी, हा योगायोग कोणी मुद्दाम घडवून आणला असे मी म्हणत नाही. पण दिल्लीच्या एखाद्या निकालपत्रात चित्रपटाच्या नावाखाली प्रतिवादी म्हणून अशोककुमार वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सिगारेट ओढणारा तो देखणा शेखरच उभा राहतो, याला माझा इलाज नाही.

ह्या प्रघाताचा ठळक आरंभ २००२ सालचा. त्या वर्षी जपान आणि कोरियात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली होती आणि भारतात ती दाखवण्याचा हक्क टेन स्पोर्ट्स ह्या वाहिनीकडे होता. परंतु गल्लोगल्लीचे केबलवाले वाहिनीशी करार न करता, पैसा न भरता, सामने बिनदिक्कत दाखवीत. एवढ्या केबलवाल्यांची नावे गोळा करीपर्यंत स्पर्धा संपून विजेता संघ मायदेशी पोहोचला असता. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने जून महिन्यात अनामिक इसमांविरुद्ध हुकूम दिला आणि कोर्ट कमिशनर नेमून त्यांना जागेवर जाण्याचा, पाहणी करण्याचा, यंत्रसामग्री ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे: हुकुमातला इसम अनामिक असला तरी कमिशनर ज्या दारावर थाप मारी, त्या दारामागे तोच इसम असे. नाव मागाहून कळे, इतकेच. चोर आणि हुकूम यांची गाठ पडत असे.

आता दुसरा धागा. वाट अडवणे ही कला राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे, आणि जकातीच्या नाक्यावर माल रोखणे व ग्रंथ रोखणे ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच अधिकाऱ्याने केलेल्या आहेत. १८७८ च्या सागरी जकात कायद्याखाली सरकारने एक अधिसूचना काढली की अमुक पुस्तक बंदरातच अडे. लेखकावर खटला नाही, वाचकाला नोटीस नाही, गोदीतली पेटी तेवढी पुढे सरकत नसे. इंटरनेट सर्वसामान्य नागरिकाच्या घरी १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले ते विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीमार्फत, आणि सुरुवातीची काही वर्षे सबंध देशाला जगाकडे जाण्याचे हेच एक बंदर होते. कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, पाकिस्तानातील ‘डॉन’ वृत्तपत्राचे संकेतस्थळ ह्या बंदरावर अडवण्यात आले. ह्या निगमाचे मुख्य कार्यालय मुंबईत फोर्टमध्ये, विदेश संचार भवनात होते. तेथून उच्च न्यायालयाची गॉथिक इमारत आणि आझाद मैदान ही दोन्ही स्थळे थोड्याशा पायपिटीच्या अंतरावर आहेत, आणि ह्या हकीकतीत ती दोन्ही पुढे यावयाची आहेत.

खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले तेव्हा त्या परवान्यांच्या अटींतच सरकार सांगेल ते स्थळ अडवण्याचे बंधन घातलेले होते. हुकूम पोहोचे, तो पाळावा कसा याची विद्या मात्र कोणापाशी नव्हती. २००३ च्या सप्टेंबरात मेघालयातील एका खासी फुटीर गटाची ‘किनहुन’ नावाची टपालमंडळी याहूच्या आश्रयाने चाले, ती बंद करावी असा आदेश निघाला. तिचे सभासद जेमतेम दोन डझन. कंपन्यांना ती एक खोली निराळी काढून कुलूप लावता येईना, म्हणून त्यांनी सारी इमारतच बंद केली, आणि भजनी मंडळांपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत ज्या कोणाचे म्हणून याहूवर गट होते, ते सर्व भारतीय सुमारे दोन आठवडे दाराबाहेर राहिले. दोन डझन माणसांचा तो गट मात्र तेवढ्यात जगप्रसिद्ध झाला. २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर असाच प्रकार पुन्हा घडला: आदेश वीसएक पत्त्यांपुरता, आणि कुलूप मात्र लक्षावधी लोकांची लेखनस्थळे ज्यावर होती त्या ब्लॉगस्पॉटला. नाकेबंदीची ही रांगडी रीत अशी आधीच अंगवळणी पडली होती. तिला अशोककुमार भेटावयाचा तेवढा बाकी होता.

त्या भेटीपूर्वी चोरीचा माल कसा फिरत होता ते थोडे जवळून पाहू. नॅपस्टरने १९९९ मध्ये गाण्यांची देवाणघेवाण सोपी केली, पण त्याची यादी एका ठिकाणी असल्यामुळे कोर्टाला ते बंद करणे जड गेले नाही. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन याने बिटटोरंट रचले, आणि त्यात वस्तू एका ठिकाणी ठेवण्याची गरजच उरली नाही. चित्रपटाचे हजारो तुकडे. ज्याच्यापाशी जो तुकडा आला तो त्याने दुसऱ्याला द्यावा आणि आपल्याला हवा तो तिसऱ्याकडून घ्यावा. सत्यनारायणाच्या प्रसादाला घरोघरून दूध, रवा, साखर यावी आणि प्रत्येकाने द्रोण भरून घरी न्यावा, तसे हे चाले. फरक इतकाच की रवा कोणाच्याच घरचा नसे. संकेतस्थळावर चित्रपट नसतो, तुकडे कोणाकोणाकडे आहेत हे सांगणारी एक चिठ्ठी तेवढी असते. स्वीडनमध्ये २००३ साली निघालेल्या पायरेट बेच्या चालकांना २००९ मध्ये तेथील कोर्टाने एकेक वर्षाची कैद सुनावली, तरी स्थळ चालूच राहिले. माणूस सापडूनही दुकान बंद होत नाही, ही गोष्ट चित्रपटांच्या मालकांना तेव्हा पुरती उमगली आणि त्यांनी आपली नजर दुकानावरून रस्त्याकडे वळवली.

आपल्याकडे ती वळण्याचे साल २०११. गोव्याच्या पार्श्वभूमीवरचा, मराठी पोलीस अधिकारी नायक असलेला ‘सिंघम’ २२ जुलैला प्रदर्शित व्हावयाचा होता. त्याच्या निर्मात्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडून अनामिक प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, आणि तो हुकूम हाती घेऊन ते कोणा केबलवाल्याच्या दारी गेले नाहीत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे गेले. हुकुमात स्थळांची नावनिशी नव्हती. कंपन्यांनी मेगाअपलोड, मीडियाफायर यांसारखी, लोक आपली स्वतःची लग्नाची छायाचित्रे आणि कचेरीचे कागद ज्यांवरून एकमेकांना पाठवीत ती स्थळेसुद्धा सरसकट अडवली. चित्रपट ज्या उद्योगसमूहाचा, त्याच समूहाची इंटरनेट सेवाही होती. तेव्हा अर्जदाराच्या उजव्या हाताने आणलेली ताकीद त्याच्याच डाव्या हाताने तत्परतेने बजावली, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी ‘बॉडीगार्ड’ आणि ‘डॉन २’ यांसाठी असेच हुकूम निघाले आणि चित्रपट येण्यापूर्वी जसा मुहूर्ताचा नारळ, तसा हा हुकूम हीही एक रूढी होऊन बसली.

ह्यात जो बदल झाला तो त्या वेळी फारसा कोणी बोलून दाखवला नाही. अशोककुमार कागदावर प्रतिवादी राहिला, पण हुकूम त्याच्यावर बजावला जाईनासा झाला. बजावला जाई तो वाटेवरच्या चौकीदारावर, आणि त्याची झळ लागे ती तिसऱ्याच एका वाटसरूला. चौकीदार भांडत नाही, कारण त्याचा त्यात काही नफा नाही आणि परवाना सांभाळायचा असतो. वाटसरूला तारखेची खबर नसते. आणि ज्याचे नाव पुकारतात तो अस्तित्वातच नाही. एकतर्फी हुकूम कायद्याला परके नाहीत. पण ज्यात दुसरी बाजू तत्त्वतःच असू शकत नाही असा एकतर्फीपणा निराळा.

२०१२ साल ह्या रूढीच्या कळसाचे. कलकत्ता उच्च न्यायालयाने संगीत कंपन्यांच्या अर्जावरून आधी सॉंग्स डॉट पीके आणि मग एकंदर १०४ स्थळे अडवण्यास सांगितले. ही निदान नावनिशीवार यादी तरी होती. मद्रास उच्च न्यायालयाने ‘३’ आणि तेलुगू ‘दम्मू’ ह्या चित्रपटांसाठी दिलेल्या हुकुमांची बजावणी मे महिन्यात झाली ती मात्र अशी की पायरेट बेबरोबर विमिओ, डेलीमोशन आणि पेस्टबिन हीही दिसेनाशी झाली. ज्या विमिओवर होतकरू चित्रपटकार आपले स्वतःचे लघुपट ठेवीत, ते चित्रपटांच्या रक्षणार्थ बंद! ‘३’ ची सारी कीर्ती ‘कोलावेरी’ ह्या गाण्यावर उभी होती, आणि ते गाणे आदल्या नोव्हेंबरात देशभर पसरले ते इंटरनेटवरच लोकांनी ते एकमेकांकडे धाडल्यामुळे, हे कोर्टात कोणी सांगितले की नाही कोण जाणे.

त्यावर लोक चिडले. अॅनॉनिमस म्हणवणाऱ्या हॅकरांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आणि तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या संकेतस्थळांवर हल्ले केले, हे काही शोभले नाही. पण ९ जूनला अनेक शहरांत जी तरुण मंडळी रस्त्यावर उतरली त्यांत मुंबईच्या आझाद मैदानावर जमलेली शंभरेक मुलेही होती, आणि अॅनॉनिमसची खूण असलेले गाय फॉक्सचे पांढरे मुखवटे घालून जूनच्या उकाड्यात उभ्या असलेल्या त्या मुलांचे दर्शन मला तरी कारुण्यपूर्ण वाटले. ज्या खटल्यात प्रतिवादीला चेहरा नाही, त्यात तक्रारदारानेही चेहरा झाकून यावे, हे एका अर्थी युक्तच होते. अखेर कंपन्यांच्या अर्जावरून मद्रास न्यायालयाने २२ जूनला खुलासा केला की आपला हुकूम चोरटी प्रत ज्या नेमक्या पत्त्यावर आहे तेवढ्यापुरताच आहे, सबंध स्थळासाठी नाही.

ह्या सगळ्या काळात चोरी थांबली होती काय? तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडलगत मोबाइल दुरुस्तीचे एक दुकान होते. काचेवर लाल अक्षरांत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी. आत एक मुलगा, एक जुना संगणक, आणि बोटाच्या नखाएवढ्या कार्डांचा ढीग. ‘काका, किती जीबीचं?’ एवढाच त्याचा प्रश्न. भजने, लावण्या, दोन हिंदी, एक दक्षिणेतला डब केलेला असे चित्रपट तो वीस-तीस रुपयांत भरून देई, आणि ‘सैराट’च्या उन्हाळ्यात त्याच्यासारख्यांच्या दुकानांपुढे चपला काढायलाही जागा नव्हती. ह्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी टोरंट हा शब्द ऐकलेलाही नव्हता. इंटरनेटची वेस कितीही घट्ट लावली तरी गावात माल येत होता तो खिशातून, सायकलवरून, एस.टी.तून. चित्रपट काढणाऱ्याचे नुकसान होत नव्हते असे मी म्हणत नाही; ‘सैराट’ने अफाट धंदा केला म्हणून त्याची चोरी क्षम्य ठरत नाही, आणि ज्या लहान मराठी निर्मात्याचा चित्रपट पहिल्याच आठवड्यात अशा कार्डांवर गेला, त्याच्या कर्जाचा हिशोब मुखवटेवाल्यांनी कधी मांडला नाही.

परदेशांत ही वाट निराळ्या रीतीने बांधली गेली. इंग्लंडमध्ये लेखाधिकाराच्या कायद्यातच त्यासाठी कलम होते, आणि त्याच्या आधारे न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी २०११ च्या जुलैत न्यूझबिन ह्या स्थळासंबंधी ब्रिटिश टेलिकॉमविरुद्ध पहिला निर्णय दिला. कंपनी कोर्टात उभी राहून भांडली आणि मग हरली. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया यांनी स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९अ कलम सरकारला स्थळे बंद करण्याचा अधिकार देते खरे, पण देशाची सुरक्षितता, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी जी कारणे त्यात मोजून दिली आहेत त्यांत चोरटा चित्रपट बसत नाही. विधिमंडळाने दार केले नाही. म्हणून न्यायाधीशांनी जुन्या दिवाणी संहितेच्या भिंतीत खिडकी पाडली.

त्या खिडकीतून किती आत घ्यावे याचे तारतम्य प्रत्येक न्यायालयाचे वेगळे. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्लीत ४७२ स्थळांची यादी मंजूर झाली, तीत गूगल डॉक्सचेही नाव सापडले, आणि मागाहून ती २१९ वर आली. मुंबईत मात्र २०१६ च्या जुलैत एक प्रकरण झाले आणि त्यापाशी मला थोडे रेंगाळावयाचे आहे.

‘ढिशूम’ नावाचा चित्रपट २९ जुलैला यावयाचा होता. इरॉस कंपनीने नेहमीप्रमाणे अर्ज केला आणि अडवावयाच्या पत्त्यांची यादी जोडली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नेहमीप्रमाणे हुकूम दिला नाही. एखादे संपूर्ण स्थळ बंद करावयाचे तर त्यावर बेकायदा मालाशिवाय दुसरे काहीही नाही हे दाखवा, असे त्यांनी सांगितले. ते दाखवता येईना तेव्हा नेमके पत्ते द्या म्हणाले. आणि ते पत्तेही बाहेरच्या संस्थेने तपासावेत, मग वादीच्या माणसाने आणि वकिलांनी पुन्हा तपासावेत, आणि मग त्याबद्दल शपथेवर प्रतिज्ञापत्र करावे, अशी तिहेरी चाळणी लावली. ती लागली तेव्हा १३४ पत्त्यांपुरता हुकूम निघाला.

पण त्यातली खरी नवलाई पुढेच आहे. तोवर बंद दारावर जी पाटी लागे तिचा मजकूर असा की दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून हे स्थळ बंद आहे. कोणत्या सूचनेवरून, कोणाच्या अर्जावरून, किती काळ, काही नाही. पटेल यांनी फर्मावले की पाटीवर कायद्याची कलमे असावीत, दाव्याचा क्रमांक आणि हुकुमाची तारीख असावी, ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते त्याने कोठे लिहावे तो पत्ता असावा, आणि त्याला कोर्टापुढे येता येते हेही त्याला कळावे. एवढ्या वर्षांत त्या दारापुढे उभ्या असलेल्या वाटसरूशी कोर्ट प्रथमच बोलले. त्याला हक्क असू शकतो, त्याचे म्हणणे असू शकते, ही गोष्ट हुकुमातच लिहिली गेली.

पुढची कथा मात्र थोडी हास्यकारक आहे. प्रत्येक दाव्यागणिक एवढा मजकूर दाखवणे तांत्रिक दृष्ट्या शक्य नाही असे एका मोठ्या जाळेवाहक कंपनीने सांगितले, तेव्हा एक सामान्य स्वरूपाची पाटी ठरली. आणि त्या पाटीत असे शब्द आले की असा मजकूर नुसता पाहणे हाही गुन्हा असून त्याला तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांनी ते उचलले. वसतिगृहांत हाहाकार झाला. संगणकातील चित्रपट पुसून टाकण्याच्या कामाला रात्रभर मुले लागली असतील, आणि कोणा सज्जन गृहस्थाने आपल्या मुलाचा लॅपटॉप माळ्यावर टाकला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. महिन्याच्या अखेरीस न्यायमूर्तींनीच तो शब्द काढावयास लावला: गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीवाचून वितरणात, जाहीर प्रदर्शनात, विक्रीत किंवा भाड्याने देण्यात आहे.

नियतीचा खेळ असा की ‘ढिशूम’ ज्या दिवशी चित्रपटगृहांत आला, त्याच २९ जुलै २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नेमकी उलटी दिशा धरली. स्टार इंडियाच्या क्रिकेट-प्रक्षेपणासंबंधीच्या त्या प्रकरणात ७३ स्थळे समूळ बंद करणेच योग्य ठरले. कारण एक पत्ता अडवला की चालक त्यातले एक अक्षर बदलतो आणि नवा पत्ता चालू करतो, मग वादीने जन्मभर पत्ते मोजीत बसावे काय, हा खंडपीठाचा सवाल होता आणि तो गैरलागू नव्हता. त्याहीपेक्षा एक मुकाट कारण ह्या दिशेला बळ देत होते. संकेतस्थळे एकामागून एक लिफाफाबंद होऊ लागली होती. म्हणजे वाचक आणि स्थळ यांच्यातील बोलणे कुलूपबंद होऊन जाई, आणि मधल्या कंपनीला लिफाफ्यावरचे घराचे नाव दिसले तरी आत कोणते पान मागितले आहे ते दिसत नसे. मुंबईच्या हुकुमातला पानागणिक विवेक पाळावयाचा तर ते पान दिसावयास हवे. वाचकाच्या खाजगीपणासाठी जे कुलूप आले, त्यानेच कंपनीपुढे सगळे किंवा काहीच नाही असे दोन पर्याय शिल्लक ठेवले.

सगळे म्हणजे किती, ते पुढच्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसले. दोन हिंदी चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयाने २,६०० हून अधिक स्थळांची यादी मंजूर केली, आणि त्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह हे जगातील सर्वांत मोठे मोफत ग्रंथालय होते. मराठी वाचकाला हे ग्रंथालय परके नाही. ज्या जुन्या पुस्तकांची प्रत नगरवाचनालयातून केव्हाच गहाळ झाली किंवा वाळवीने खाल्ली, त्यांची छायांकित पाने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या कृपेने तेथे येऊन पडली आहेत. त्या सुमारास एका जुन्या चरित्रग्रंथाचे एक पान पडताळून पाहण्यासाठी मी ते स्थळ उघडले आणि पडद्यावर दूरसंचार विभागाची ती दोन ओळींची पाटी आली. दाव्याचा क्रमांक नाही, तारीख नाही, मुंबईच्या हुकुमातली एकही गोष्ट नाही. चौकशीसाठी व्यवस्थापकाशी संपर्क साधावा, असे लिहिले होते. कोणाचा व्यवस्थापक, हे लिहिलेले नव्हते. माझ्या इंटरनेट कंपनीला दूरध्वनी केला तर पलीकडच्या मुलीने अत्यंत आर्जवाने मला माझा राउटर एकदा बंद करून चालू करावयास सांगितले. मी तो केला. आर्काइव्ह उघडले ते वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यानंतर.

२०१९ च्या १० एप्रिलला दिल्लीत न्यायमूर्ती मनमोहन यांनी यूटीव्ही ह्या चित्रपट कंपनीच्या दाव्यात जो निकाल दिला, त्याने ह्या प्रथेला आजचे रूप आले. निकाल विचारपूर्वक लिहिलेला आहे. चोरीवरच पोसलेले स्थळ कसे ओळखावे, चालकाने नाव लपवले आहे काय, हुकुमांची तो कदर करतो काय, ह्या कसोट्या त्यात आहेत आणि त्या उगीच नाहीत. पण सिंगापूरच्या आदल्या वर्षीच्या निर्णयाचा हवाला देऊन त्यात एक नवी सोय झाली: बंद केलेल्या स्थळाने नवे नाव घेऊन दुसरीकडे दुकान मांडले तर वादीने नवा दावा करू नये, न्यायाधीशापुढेही येऊ नये, सह-निबंधकापुढे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि नवे नाव यादीत जोडून घ्यावे. ह्याला गतिमान मनाई हुकूम म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने तो आणखी पुढे नेला, आणि हुकुमाच्या दिवशी निर्माणही न झालेल्या, पुढे कधीतरी निघतील अशा कलाकृतींनाही त्याचे छत्र दिले. अजून न घडलेल्या चित्रपटाची अजून न झालेली चोरी, अजून न निघालेल्या स्थळावरून! देवदत्ताचे उदाहरण देणाऱ्या नैयायिकांना ह्यात प्रागभावाची, म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीच्या तिच्या अभावाची, एक सुरेख चर्चा सापडली असती. त्याच वर्षी चित्रपट कायद्यात दुरुस्ती होऊन चोरट्या चित्रणाला किमान तीन महिन्यांची कैद आली, आणि नोव्हेंबरात केंद्र सरकारने तक्रारी घेऊन स्थळे बंद करण्याचे निर्देश देणारे बारा अधिकारी नेमले; म्हणजे आता ह्या कामासाठी कोर्टाचीही वाट पाहावयास नको.

आजच्या दाव्यांची शीर्षके वाचण्यासारखी असतात. वादींच्या रांगेत हॉलीवूडची बडी नावे, आणि प्रतिवादी क्रमांक एक म्हणून माणसाऐवजी एखादा संकेतस्थळाचा पत्ताच, ठिपक्यासकट. त्याखाली तसेच आणखी वीस-तीस. मग ते पत्ते नोंदवून देणाऱ्या परदेशी कंपन्या, मग इंटरनेट पुरवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्या, मग दूरसंचार विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय. नोटिसा ई-मेलने जातात, चोरट्या स्थळांच्या वतीने कोणी येत नाही, कंपन्यांचे वकील हुकूम पाळू म्हणून सांगतात आणि पुढचा पुकारा होतो. आणि पुष्कळदा ह्या सर्वांच्या पाठीमागे, यादीच्या अगदी तळाशी, पत्ता ठाऊक नसलेला, वय ठाऊक नसलेला, बापाचे नाव ठाऊक नसलेला अशोककुमार अजून उभा असतो.